पालकत्व घेतलेल्या मुलीच्या गावी: पूर्व युगांडातील एका भेटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पूर्व युगांडात सोरोटी शहराच्या आसपासचा मुलूख तेसो म्हणून ओळखला जातो. जमीन सपाट, माती रेताड, मधूनमधून आंब्याची आणि चिंचेची जुनी झाडे. शेतात नाचणी, ज्वारी, भुईमूग आणि कसावा. नाचणी आणि कसावाच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, म्हणजे आताप, हे रोजचे जेवण. या भागाने गुरांच्या चोऱ्या, बंडखोरांचे हल्ले आणि छावण्यांतले दिवस पाहिले आहेत. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था इथे बऱ्याच वर्षांपासून आहेत त्या यामुळेच.

इथे मांडलेले प्रकरण 2023 मधले आहे. बालकांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या युगांडातील शाखेत मी पाहुण्यांच्या भेटींची व्यवस्था पाहत होते. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसे आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पाहुणे होते इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले एक मराठी जोडपे. काका मूळचे मराठवाड्यातले, निवृत्त यांत्रिकी अभियंता. काकू शाळेत शिकवायच्या. गावातल्या एका मुलीचे पालकत्व त्यांनी ती अगदी लहान असताना घेतले होते. दर महिन्याला ठरलेली रक्कम संस्थेकडे जायची, वर्षातून काही पत्रे यायची, सोबत मुलीचा फोटो. ओळखीच्यांत ते तिचा उल्लेख ‘आमची युगांडातली मुलगी’ असा करत, आणि त्यात दिखावा नव्हता. काकूंनी तिचे प्रत्येक पत्र जपून ठेवले होते.

मुलगी तेव्हा प्राथमिकच्या सहाव्या इयत्तेत होती. वय पाहता ती पुढे असायला हवी होती, पण युगांडातल्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी 2022 मध्ये. जगात इतका काळ शाळा क्वचितच कुठे बंद राहिल्या असतील. त्या काळात तिच्या वर्गातल्या काही मुलींची लग्ने झाली, काहींना मुले झाली. ही परत शाळेत आली, कारण आजीने हट्टाने पाठवली. आई-वडील नसलेल्या या घरात आजी, ही मुलगी, तिचा मोठा भाऊ आणि दोन धाकटी चुलत भावंडे असे पाच जण होते. संस्थेच्या यादीत नाव फक्त हिचे.

प्रश्न काय होता

वरवर पाहता प्रश्न साधा होता: पाहुण्यांना एक दिवस गावात न्यायचे आणि सुखरूप परत आणायचे. खरी अडचण भेटीच्या तयारीत लक्षात आली. पैशांबद्दल तीन ठिकाणी तीन वेगळ्या समजुती होत्या.

काका-काकूंना वाटत होते की त्यांची रक्कम मुलीच्या घरी जाते आणि तिच्यावरच खर्च होते. प्रत्यक्षात ती त्या परिसराच्या एकत्रित कार्यक्रमात जाते: शाळेचे बाक आणि शौचालये, गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, बचत गट, शेतकऱ्यांना बियाणे. पालकत्वाच्या बहुतेक मोठ्या संस्था आज अशाच चालतात आणि तसे आपल्या माहितीपत्रकात लिहितातही. पण फोटो एका मुलीचा आणि पत्र एका मुलीचे आले, की वाचणाऱ्याच्या मनात त्या मुलीपर्यंत जाणारी सरळ वाटच उभी राहते. हा जुना वाद आहे. 1998 मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने अशा संस्थांची मोठी झाडाझडती घेतली, तेव्हाही मुख्य आक्षेप हाच होता.

घरच्यांची समजूत आणखी वेगळी. आजीला वाटायचे की परदेशातल्या त्या दोघांकडे अजून पुष्कळ आहे आणि संस्था ते मधल्या मध्ये अडवून ठेवते. मुलीच्या मामाला वाटत होते की पाहुणे येताहेत म्हणजे मुलीला नेण्याची बोलणी करायलाच येत असणार.

गावाची समजूत तिसरी. सोरोटीत एकेकाळी भारतीयांची दुकाने होती, परिसरातल्या कापसाच्या जिनिंग मिलही बऱ्याचशा त्यांच्याच. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, ते गावातल्या म्हाताऱ्यांना चांगले आठवते. भारतीय चेहऱ्याचे पाहुणे येणार हे कळल्यावर एका आजोबांनी आमच्या कार्यकर्तीला विचारले, ‘जिनिंग पुन्हा सुरू करायला येताहेत का?’ देणगीदार म्हटला की तो गोराच, असे गावाने धरलेले. ही माणसे कोण, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय भेट होऊ द्यायची की नाही, हाच होता. संस्थेतल्या काहींचे मत भेट नको असे होते. पालकत्व घेणाऱ्यांच्या भेटीने एका मुलावर सगळ्या गावाची नजर जाते, अपेक्षा वाढतात, गाडी गेल्यावर ते मूल एकटे पडते. हे सगळे खरे आहे. पण भेट नाकारली असती तर तिन्ही समजुती तशाच राहिल्या असत्या, आणि इतक्या वर्षांनी साधी भेटही होऊ न देणाऱ्या संस्थेबद्दल त्या दोघांच्या मनात शंकाच उरली असती.

दुसरा पर्याय होता सोरोटीतल्या कार्यालयात भेट घडवण्याचा. मुलगी आणि आजी यांना तिथे आणायचे, तास-दोन तास बोलायचे. मुलीच्या सुरक्षिततेसाठी हे सर्वांत सोपे. पण मग पाहुण्यांना शाळा, बाक, हापसा यांतले काहीच दिसणार नव्हते आणि पैसा कुठे जातो हे पुन्हा तोंडीच सांगावे लागले असते.

तिसरा पर्याय आम्ही निवडला: भेट गावातच, पण मध्यवर्ती ठिकाण शाळा, घरी फक्त थोडा वेळ, आणि तारीख शाळेच्या सत्रातली. पेरणीचे आणि काढणीचे दिवस टाळायला हवे होते, कारण पाहुणे आले की लोक शेत सोडून येतात आणि एका दिवसाची मजुरी किंवा निंदणी बुडते. हे कोणी बोलून दाखवत नाही. पहिल्या पावसाचे पीक निघाल्यानंतर आणि दुसऱ्या पावसाच्या कामांची घाई सुरू होण्याआधी मधे थोडी सवड मिळते, ती धरली.

अटी नेहमीच्याच होत्या. दोघांचा पोलिस पडताळणीचा दाखला, मुलीसोबत एकट्याने न थांबणे, पत्ता आणि फोन नंबर न देणे, परवानगीशिवाय फोटो नाही. काकांना दाखल्याची अट जरा लागली. ‘अगं, आम्ही काय परके आहोत का तिला?’ असे ते फोनवर म्हणाले. मी त्यांना सांगितले, ‘काका, तुम्ही कसे आहात ते मला दिसतं. पण उद्या दुसरं कोणी येईल, त्याच्यासाठी दार उघडं राहायला नको.’ त्यांनी दाखला पाठवला.

बॅग

कंपालाहून सोरोटीला येताना दोघांकडे एक भली मोठी बॅग होती. आत मुलीसाठी काठाचा परकर-पोलका, बूट, रंगपेटी, चांदीचे पैंजण आणि एक टॅबलेट. भावंडांसाठी चॉकलेटे.

गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती बॅग उघडून बसलो. टॅबलेट गावात एकाच मुलीच्या हातात देणे म्हणजे तिच्यावर चोरीचे आणि हेव्याचे ओझे टाकणे, हे काकूंना लगेच पटले. शिक्षिका होत्या, वर्गात एकालाच बक्षीस दिले की काय होते हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. पैंजणांवर मात्र त्या अडल्या. ‘मुलीला बघायला जायचं आणि हात हलवत?’

नियमावर बोट ठेवले असते तर तिथेच संपले असते. आमची तेसोचीच कार्यकर्ती म्हणाली, आजीला विचारू. तिने फोन लावला. आजीने सांगितले: कपडे चालतील, दागिना नको, बूट शाळेचे काळे असतील तरच आणा, आणि साबण आणा. साबण कोणाच्याच यादीत नव्हता. सोरोटीच्या बाजारातून साबणाच्या लांब वड्या घेतल्या, रंगपेट्या आणि वह्या शाळेसाठी घेतल्या. आणलेले बूट रंगीत होते, तेही राहिले.

माझ्या मते भेटीतला सर्वांत चांगला निर्णय हा होता, आणि तो कार्यालयाने नव्हे, आजीने घेतला.

गावात

युगांडात कुठेही गेलात तरी आधी पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागते. गावच्या स्थानिक परिषदेचे अध्यक्ष एल. सी. वन, मग मुख्याध्यापक, दोघांकडे सह्या झाल्या. शाळेत सहावीच्या वर्गात नव्वदीच्या घरात मुले, एका बाकावर चार-पाच. 1997 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाल्यापासून पट वाढला, खोल्या आणि शिक्षक त्या मानाने वाढले नाहीत. बाकांच्या फळीवर संस्थेचे नाव रंगवलेले. काकांनी ते वाचले आणि विचारले, ‘हे आमच्या पैशातून?’ मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या आणि तुमच्यासारख्या पुष्कळांच्या. पत्रांतून जे कळले नव्हते ते त्या बाकापाशी कळले.

मुलगी लाजाळू निघाली नाही. तिने गणिताची वही दाखवली, नेटबॉलच्या संघात आपण कुठे खेळतो ते मैदानावर नेऊन दाखवले. घरी गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, माझा एक प्रश्न आहे. कार्यकर्तीने भाषांतर केले: ‘तुम्ही माझ्यासाठी पाठवता, भावासाठी का नाही?’

भाऊ तिथेच दाराशी उभा होता. सातवीनंतर शाळा सुटलेली, बोडा-बोडावर म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा.

काकूंचे डोळे भरले. ‘त्याचंही आम्ही…’ असे त्यांनी सुरू केले. इथे कार्यकर्तीने भाषांतर थांबवले आणि मराठी वाक्य पुरे होण्याआधीच मला विचारले, मी उत्तर देऊ का? मी हो म्हणाले. ती आतेसोत, म्हणजे तेसोच्या भाषेत, मुलीशी बोलली आणि मग आम्हाला सांगितले: पैसे तुझ्या घरी येत नाहीत. त्यातून जे बाक आले त्यावर तुझा भाऊही बसला. आजीच्या बचत गटाच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यातूनच झाला. पत्र तुझ्या नावाने येते, कारण एका मुलाची वर्षे कशी जातात हे पाहुण्यांना कळावे म्हणून, आणि आजीने त्याला होकार दिला म्हणून.

भाषांतर करणाऱ्याने मध्येच थांबणे औपचारिक नियमात बसत नाही. पण काकूंचे ते वाक्य पुरे झाले असते तर ते वचन ठरले असते. ते पाळले गेले नसते, तर ज्याची शाळा आधीच सुटली आहे अशा मुलासमोर दिलेला शब्द मोडला असता. पाळले गेले असते, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या दहा घरांनी तोच प्रश्न विचारला असता.

मामाचे बोलणे अंगणाबाहेर झाले. मुलीला केव्हा नेणार, कागद कोण करणार? कार्यकर्तीने आडपडदा न ठेवता सांगितले: कोणी नेणार नाही. 2016 च्या कायदा-दुरुस्तीनंतर परदेशी माणसाला इथले मूल दत्तक घ्यायचे तर आधी युगांडात राहून संगोपनाचा काळ पुरा करावा लागतो, आणि या दोघांचा तसा विचारही नाही. हे तिने आजीसमोर आणि पाहुण्यांसमोर पुन्हा सांगितले. मामा नाराज झाला. आजी मात्र, कार्यकर्तीच्या म्हणण्याप्रमाणे, त्यानंतर मोकळेपणाने बोलायला लागली.

निघताना आजीने पाय बांधलेली जिवंत कोंबडी काकूंच्या हातात दिली. दोघे शाकाहारी. कोंबडी नाकारणे म्हणजे घराचा मान नाकारणे, हे आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि ‘एयालामा’ म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी शिकून घेतलेला शब्द, ‘आभारी आहे’ म्हणायला. कोंबडी गाडीतून सोरोटीला आली आणि चालकाच्या घरी गेली.

हापशाचा निर्णय

सर्वांत अवघड निर्णय अनपेक्षित ठिकाणी आला. शाळेजवळचा हापसा बंद होता. पिवळ्या जेरीकॅनची रांग नव्हती, म्हणून काकांचे लक्ष गेले. जवळ जाऊन त्यांनी तो लगेच ओळखला: इंडिया मार्क टू. या हापशाचे मूळ जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांसाठी बनवलेल्या त्या पोलादी पंपांवरून पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. आपल्या भागातला हापसा तेसोमध्ये बंद पडलेला पाहून काकांना राहवेना. दांडा चालवून पाहिला, पाणी येईना. ‘वॉशर गेले असणार. मिस्त्री बोलव, पैसे मी देतो, आजच्या आज होईल.’

गावातल्या बायका जमल्या होत्या. त्यांना भाषांतराची गरज पडली नाही.

आमच्यासमोर तीन वाटा होत्या. पैसे घ्यायचे आणि मिस्त्री बोलवायचा. नाही म्हणायचे आणि पुढे जायचे. किंवा पाणी समितीला विचारायचे. प्रत्येक हापशामागे अशी समिती असते, घरटी ठरावीक शिलिंग गोळा करून तिने देखभाल करायची असते. इथली वर्गणी शाळा बंद असलेल्या काळात थांबली होती आणि पुन्हा सुरूच झाली नव्हती. पाहुण्याने त्या दिवशी पैसे दिले असते, तर हापसा बिघडला की पाहुण्याची वाट बघायची हाच धडा गावाने घेतला असता. दुसरीकडे, बायका तोवर दलदलीच्या कडेच्या खड्ड्यातून पाणी आणत होत्या, आणि वीस लिटरचा डबा डोक्यावर घेणाऱ्यांत ही मुलगीही होती. तत्त्व सांभाळण्याची किंमत तिच्या मानेवर पडणार, हे दिसत असताना नाही म्हणणे सोपे नव्हते.

समितीच्या अध्यक्ष बाईंना बोलावले. चिंचेखाली बैठक झाली. काका बसून ऐकत होते. समितीने ठरवले की वर्गणी पुन्हा सुरू करायची, जमलेल्या रकमेइतकी भर संस्थेने कार्यक्रमाच्या निधीतून घालावी, आणि जिल्ह्याच्या हापसा-मिस्त्री संघटनेचा माणूस बोलवावा. काकांना पैसे द्यायचे असतील तर ते संस्थेला, या गावाचे नाव न घालता.

परिणाम

मिस्त्री येऊन दुरुस्ती व्हायला काही आठवडे गेले. पाइप वर काढल्यावर कळले की वॉशर जुने झाले होतेच, पण खरा दोष पाइपांत होता. तीन मीटरच्या लोखंडी पाइपांना गंजून भोके पडली होती. तेसोच्या बऱ्याच विहिरींचे पाणी आम्लधर्मी असल्याने जस्ताचा मुलामा टिकत नाही. त्या दिवशी घाईने वॉशर बदलले असते तर पैसे गेले असते आणि पाणी आले नसते. नवे पाइप गंज न धरणारे घातले, त्यामुळे खर्च वाढला आणि समितीला दुसऱ्यांदा वर्गणी काढावी लागली. ती निघाली.

काका-काकूंनी पालकत्व सुरू ठेवले. त्यांच्या मराठी मंडळात मुलीचा व्हिडिओ दाखवायचा त्यांचा बेत होता. मुलीने घरातले चित्रण नको म्हटले होते, म्हणून तो त्यांनी सोडला आणि बाकांचे, हापशाचे फोटो दाखवले. मुलगी सातवीत गेली. तिच्या पत्रावर आता भावाचेही दोन शब्द असतात. मामाचे येणे-जाणे काही काळ कमी झाले, ते आजीला जड गेले.

पालकत्वाने मुलांचे भले होते का, यावर वेगवेगळी मते ऐकू येतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत आणि युगांडासह 6 देशांतल्या, अशा योजनेत वाढलेल्या मुलांचे शिक्षण सरासरी 1 ते दीड वर्षाने जास्त झालेले दिसले. तो अभ्यास एकाच संस्थेच्या योजनेचा आहे, आणि त्या योजनेत मुलाशी थेट काम होते. आमच्यासारख्या सामायिक निधीच्या कामाला तो आकडा लावणे बरोबर नाही.

वेगळे काय करता येईल

तयारी दोन्ही बाजूंची सारखी हवी. पाहुण्यांना लांबलचक पत्र गेले होते. गावाला मात्र फक्त तारीख कळवली होती. पैसा कुठून येतो, कुठे जातो, पाहुणे काय देऊ शकत नाहीत, हे गावसभेत एल. सी. वन आणि आजी-मामांसमोर आधीच सांगितले असते, तर मामाने मनात इमले बांधले नसते आणि मुलीला तो प्रश्न सगळ्यांदेखत विचारावा लागला नसता.

गावात जाण्याच्या मार्गावर काय बंद आहे, काय मोडले आहे, हे आठवडाभर आधी पाहून यावे. हापसा बंद आहे हे आम्हाला पाहुण्यांच्या बरोबरीने कळले. समितीशी बोलणे आधी झाले असते तर मुलीच्या डोक्यावरचा डबा काही आठवडे आधी उतरला असता.

समितीचा निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी संस्थेकडे छोटा तातडीचा निधी असावा: मिस्त्रीला तपासणीला बोलावण्यापुरता. दुरुस्ती गावाच्या वर्गणीतून, पण दोष शोधण्यासाठी वाट पाहायला लावू नये.

कार्यकर्तीला भाषांतर थांबवण्याचा अधिकार लेखी द्यावा, आणि पाहुण्यांना तो आधी सांगावा. त्या दिवशी तिने स्वतःच्या जोखमीवर ते केले.

भावाबद्दल संस्थेने पुढे काय केले, तर तरुणांसाठीच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या प्रशिक्षणात त्याचे नाव घातले. त्याची निवड गावातल्या इतर अर्जदारांबरोबर, त्याच यादीतून झाली. पहिल्या तुकडीत त्याचा नंबर लागला नाही, दुसऱ्या तुकडीत लागला.